पुंगळीच्या कडेवरची खूण

मुर्रीत राहणाऱ्याला हंगाम कॅलेंडरात पाहावा लागत नाही. दिवाळी सरते, आणि एके सकाळी दोरीवरची ओढणी काढायला जावं तर तिच्यावर कोंड्याची पिवळसर साय बसलेली असते. राइस मिल सुरू झाल्या, एवढाच त्याचा अर्थ. मग महिनोन् महिने हवेला गरम भुशाचा वास राहतो, उन्हाच्या तिरीपेत बारीक कण तरंगतात आणि आई ओढणी झटकत दरवर्षी तेच म्हणते, "आली पाह्य मिल घरात."

यंदाही ती साय बसली. मी बोट फिरवलं, बोटावर पिवळी रेघ उमटली आणि तीन वर्षांपूर्वीचा हंगाम जसाच्या तसा समोर आला. धान तसंच पिकलं होतं, बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यांमधून, कापणीच्या पेंढ्या तशाच पसरल्या होत्या. फक्त त्या हंगामात माझं नवं कोरं पिस्तूल अडत होतं.

पिस्तूल म्हटलं की लोक मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहून घेतात. म्हणून सांगून टाकते. पॉइंट टू टू बोअरचं, नेमबाजीच्या स्पर्धेचं पिस्तूल ते. पंचवीस मीटरवर कागद, कागदावर काळा गोल, त्याच्या मधोमध दहाचा आकडा. एवढंच माझं शत्रुत्व. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात आली, आणि पहिल्याच दिवशी पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा बसल्या. तेव्हापासून ते वेड आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी. झाले, ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. हे मी लाजत सांगत नाही. आमच्या घरी दहावीच्या पुढचं पुस्तक आलं ते माझ्या दप्तरातून.

परवान्यासाठी दीड वर्ष कागद फिरले. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा आईनं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि दारापर्यंत सोडायला गेली तेव्हा हळूच विचारलं, "साहेब, पोरीनं काई केलं त नाई ना?" साहेब हसले. आई हसली नाही.

पिस्तूल आणलं त्या दिवशी तर ती भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली हात जोडून उभी राहिली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यायच्या घरात बंदूक आनली तुनं."

"आई, कागद फाडते मी. कोणाचा जीव नाही घेत."

"मंग कागद हातानं फाडता येत नाई का वं?"

पेटी लोखंडी कपाटात गेली, किल्ली माझ्या गळ्यात आली.

पण ती वस्तू! दार लावून मी पेटी उघडायचे आणि नुसती पाहत बसायचे. मुठीचं लाकूड हाताच्या खोबणीत असं बसायचं, जणू माझ्या पंजाचं माप आधीच कोणी घेऊन ठेवलं होतं. आणि त्याहून नवल त्या काडतुसाचं. करंगळीच्या पेराएवढं. मोठ्या काडतुसांच्या बुडाला मधोमध ठिणगीचा मसाला असतो. या लहानग्यात मात्र तो बुडाच्या कडेच्या आत, गोल पन्हळीत भरलेला असतो. पिस्तुलातली पिन त्या कडेवर ठोका देते, पितळ दबतं, ठिणगी पडते आणि शिशाचा दाणा पंचवीस मीटर पार करून जातो. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. मी विज्ञान शिकलेली बाई. हे सगळं मला समजतं. समजूनही छाती भरून येते.

आमच्या क्लबची रेंज कामठ्याच्या वाटेवर आहे. पत्र्याची शेड, समोर मोकळी जमीन, शेवटी मातीचा उंच ढिगारा. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. सकाळी तिथं दवाचा आणि कापलेल्या धानाचा ओला, गोडसर वास असतो. तिथंच पहिल्या दिवशी पाचातली तिसरी गोळी सुटलीच नाही.

खट्.

बस्, एवढाच आवाज. नियम असा की नळी समोर धरून थांबायचं, मनात अर्धं मिनिट मोजायचं, मग काडतूस बाहेर काढायचं. मी थांबले. काढलं. कडेवर ठोका होता, पण फिकट. कडेची दुसरी जागा पिनेखाली येईल असं फिरवून तेच काडतूस पुन्हा भरलं, तर सुटलं. पुढच्या वीसमध्ये तीन अडली. दुसऱ्या कंपनीची काडतुसं आणली. तीही अडली. कधी सलग पंधरा सुरळीत जायच्या, आणि मन निवांत झालं की खट्.

क्लबचे प्रशिक्षक कुंभरे सर माझ्या मागे उभे असायचे. देवरीकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. त्यांनी स्वतः दहा मारल्या, त्यातही एक अडली. म्हणाले, "बंदुकीत खोट हाय, ये पक्का." मी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात ते म्हणाले, "पण खोट तुझ्यात पण आहे, बेटा."

"माझ्यात काय?"

"गोळी सुटते तेव्हा धक्क्यात काही दिसत नाही. नाही सुटली, तब मैंने देखा. नळी खाली गेली तुझी. इतकी." आणि त्यांनी दोन बोटांमध्ये एक फट दाखवली.

ती फट मी विसरले नाही. आवाज येणार, धक्का बसणार, म्हणून हात आधीच दचकत होता. पाच वर्षं दचकत असेल. इतकी वर्षं तो दचका आवाजाखाली लपला होता, आणि बंदूक मुकी राहिली तेव्हा उघडा पडला. रिकाम्या बांध्यांवर बगळे उतरले होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले, कारण सरांकडे पाहवत नव्हतं.

जिल्ह्यातून राज्यासाठी तीन जणांची निवड होणार होती. महिना उरला होता.

मी पिस्तूल घेऊन नागपूरला गेले. विक्रेत्यानं मागच्या खोलीत पाच गोळ्या मारल्या. पाचही सुटल्या. त्यानं कापडानं हात पुसले. "पिस्तूल ठीक आहे, मॅडम. नवीन आहे, हात बसायला वेळ लागतो. लेडीजचा हात थोडा हलका असतो."

"पिन हातानं मारत नाही, दादा. आतली स्प्रिंग मारते," मी म्हटलं.

"कंपनीकडे पाठवू मग. दोन महिने धरा. आणि त्यांनी लिहून दिलं की दोष नाही, तर आम्ही काही करू शकत नाही."

दोन महिन्यांत निवड होऊन गेली असती. मी पेटी मांडीवर घेऊन परत आले. तुमसरच्या पुढे खिडकीबाहेर शेतात धानाचे पुंजणे रचलेले दिसत होते, एकावर एक, घुमटासारखे. एरवी मला ते फार आवडतात. त्या दिवशी मी एकच विचार करत होते. जी गोष्ट कधी होते आणि कधी होत नाही, ती कोणाला दाखवायची कशी?

आता बाबांबद्दल. माझे बाबा राइस मिलमध्ये मिस्त्री. तीस-बत्तीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत. त्यांचं काम मी लहानपणी एकदाच नीट पाहिलं. आईनं डबा देऊन पाठवलं होतं. मिलमध्ये आवाज इतका की आपलंच बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबा मशीनच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी पडत्या तांदळाखाली हात धरला, मूठ भरली, उजेडाकडे नेली, तळहातावर पसरली आणि हळूच फुंकर मारली. कोंडा उडाला. राहिले तांदूळ आणि कनकी, म्हणजे तुटके दाणे. त्यातला एकेक तुकडा ते अंगठ्यानं सरकवत होते. मग त्यांनी मशीनकडे न पाहता पलीकडच्या माणसाला हातानंच खूण केली. त्या माणसानं कुठलंसं चाक एक बोटभर फिरवलं. बाबांनी पुन्हा मूठ भरली. मान हलवली. झालं.

कनकी कशी तुटली यावरून ते सांगतात की धान जास्त वाळलं, की रबराचा रोल एका बाजूनं झिजला. मशीन त्यांना आतून दिसत नाही. जे बाहेर पडतं तेवढंच दिसतं.

आणि त्याहून आधीची एक आठवण. कामठ्याच्या मंडईत, म्हणजे भाऊबीजेपासून पुढे दीड-दोन महिने गावोगाव पाळीनं भरणाऱ्या जत्रांपैकी एकीत, फुगे फोडायच्या बंदुकीनं माझी एकही गोळी लागेना. मी रडकुंडीला आले. बाबा वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, "फुग्याकडे नको पाहू. मागची फळी पाह्य." फळीवर छऱ्यांच्या खुणाच खुणा होत्या, आणि सगळ्या फुग्यांच्या डावीकडे. "आता तू उजवीकडे मार." फुगा फुटला. दुकानदारानं बाबांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी त्याचा खिसाच पाहिला.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही त्या रविवारी सकाळी मी अंगणात सुटलेल्या काडतुसांच्या दहा रिकाम्या पुंगळ्या घेऊन बसले असताना बाबा शेजारी उकिडवे बसले, तेव्हा मी काय म्हटलं? म्हटलं, "बाबा, हे मिलचं काम नाही. याचं शिक्षण वेगळं असतं."

लिहितानाही कान गरम होतात.

बाबांनी विडी बाजूला ठेवली. "मी कुठं तुह्या बंदुकीले हात लावून राहिलो? तिचा परवाना तुह्या नावाचा हाय, मले माहीत हाय. पुंगळ्या त पाहू देशीन?"

पुंगळ्यांना परवाना लागत नाही, असं मी म्हणणार होते. रेंजवरून त्या मी सरांना विचारूनच आणल्या होत्या. मी त्या पुढे केल्या.

"सूप आन," ते आईला म्हणाले.

"काऊन? आता काडतुसं पाखडता का?"

"आन त."

सुपात पुंगळ्या ठेवल्या. सूप मांडीवर घेतलं, असं तिरपं की सकाळचं ऊन पितळावरून घसरावं. चष्म्यावर माझा चष्मा चढवला. एकेक पुंगळी बुडाकडून वर करून पाहिली, नख फिरवलं, एका अंगाला ठेवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई भाजी निवडता निवडता थांबली. पलीकडच्या मिलचा आवाज तेवढा येत होता.

"ह्या चार पुंगळ्यायले दोन टोले हायेत."

"त्या पहिल्यांदा सुटल्या नव्हत्या. फिरवून पुन्हा मारल्या."

"म्हंजे फिक्का टोला पहिला, खोल दुसरा."

"हो."

"पाह्य मंग." त्यांनी पुंगळी माझ्यासमोर धरली, टोल्याची खूण वरच्या अंगाला करून. "चांगल्या टोल्याची दोनी टोकं सारखी खोल हायेत. ह्या फिक्क्याचं डावं टोक खोल, उजवं वरच्या वर. आता दुसरी घे. तिचंबी तसंच. तिसरी. चौथी. चारीचं तसंच."

मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवरून काढून घेतला आणि पाहिलं. आठवडाभर त्या पुंगळ्या माझ्या खिशात होत्या. प्रयोगशाळेत भिंग माझ्या टेबलावर पडलेलं असतं. मी फक्त 'फिकट' एवढंच पाहिलं होतं. फिकट कसं, हे पाहिलंच नव्हतं.

"तुई पिन सरळ येऊन नाई राहिली. उजव्या अंगानं कशाले तरी घासते. पोचेपर्यंत थकून जाते."

"मग कधी सुटते, कधी नाही, असं कायले?"

माझ्या तोंडून 'कायले' निघालं. कॉलेजात गेल्यापासून मी ते सोडलं होतं. बाबांनी ते ऐकलं, पण ऐकल्यासारखं केलं नाही.

"घासनारी वस्तू रोज सारखी नाई घासत, बाई. जवा जोरानं घासते तवा मशीन आपल्याले सांगते. बाकीच्या वेळी ती आपली आपनच सोसते."

आई म्हणाली, "झालं असन त माहं सूप द्या. कनकी पाखडायची हाय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पुन्हा नागपूर गाठलं. विक्रेत्याला म्हटलं, मला तुमच्याशी बोलायचं नाही, दुरुस्ती करणाऱ्यांशी बोलायचं आहे. मागच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांच्या टेबलावर पुंगळ्या ओळीनं मांडल्या, चारी फिकट खुणा वरच्या अंगाला करून, आणि बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. उस्तादांनी डोळ्याला भिंग लावलं. पहिली पाहिली, दुसरी पाहिली. तिसरी पाहायच्या आधीच त्यांनी पिस्तुलाकडे हात केला.

पिन बाहेर काढली. ती ज्या खाचेतून सरकते तिच्यात बारीक दिवा सोडला. मग मला जवळ बोलावलं. खाचेच्या उजव्या भिंतीवर पोलादाचं एक कुसळ उभं होतं. खरंच कुसळ, धानाच्या लोंबीला असतं तेवढं. कारखान्यात खाच कापताना राहून गेलेलं. पिनेच्या उजव्या अंगावर त्याचा चकचकीत ओरखडा होता.

त्या मिणमिणत्या दिव्यात मी ते कुसळ पुन्हा पाहिलं. बाबांनी हे पाहिलं होतं. मुर्रीच्या अंगणात, सुपात, दोन चष्मे लावून, पिस्तूल न उघडता, त्याला हात न लावता पाहिलं होतं.

"बिटिया, ये पढ़ा किसने?" उस्तादांनी विचारलं.

"माझ्या बाबांनी. राइस मिलमध्ये मिस्त्री आहेत."

"मशीन खोली थी?"

"नाही. नुसत्या पुंगळ्या पाहिल्या."

उस्तादांनी डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग दारात उभ्या विक्रेत्याकडे वळून म्हणाले, "सुना? पाँच गोली चलाके ठीक बोल दिया था आपने." विक्रेत्यानं माफी मागितली नाही. चहा मागवला. मी तो पिऊन घेतला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. "उजवीकडेच होतं ना?" एवढं विचारलं आणि वरणात भात कालवत राहिले.

पिस्तूल त्यानंतर एकदाही अडलं नाही. पण माझं मन हलकं झालं नाही. कारण आता प्रत्येक गोळी सुटत होती आणि प्रत्येक आवाजाखाली माझा दचका पुन्हा सुखानं झोपला होता. बंदुकीची खोट काढली तशी माझी कोणी काढणार नव्हतं. मी सरांना म्हटलं, "सर, मला न सांगता मध्येच एखादं नकली काडतूस भरत जा." सर हसले. "यही तो मैं सोच रहा था, तू कधी म्हणशील."

मग तीन आठवडे रोज सकाळी तेच. सर पाठ करून भरायचे, मी मारायचे. आवाज, आवाज, खट्. नळी खाली. पुन्हा. कापणीवाल्या बाया शेताच्या धुऱ्यावरून जाताना थांबायच्या. एक म्हणाली, "हे पोरगी रोज येते अन् रोज शिव्या खाते." बांध्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या. सरांच्या दोन बोटांमधली फट कमी होत गेली, पण मिटेना. आवाज व्हायच्या आधी हाताला आवाज ऐकू येतो. त्याला कसं सांगायचं की थांब, अजून काही झालं नाही?

निवड झाली. मी तिसरी आले, राज्यावर गेले, तिथं मधेच कुठेतरी राहिले. त्या दोन्ही गोष्टींची कात्रणं आईनं गादीखाली ठेवली आहेत. बाबा आता मिलमध्ये अर्धाच दिवस जातात. दर महिन्याला मी दहा पुंगळ्या आणते, ते सुपात पाहतात आणि "सारख्या हायेत" म्हणून परत देतात. पण यंदा ओढणीवरच्या कोंड्यात बोट फिरवताना मला सगळ्यात आधी यातलं काही आठवलं नाही. आठवली ती निवडीच्या आदली सकाळ.

कामठ्याची मंडई होती. भोंग्यावरची गाणी बांध्यांवरून वाकडीतिकडी येत होती. बाबा माझा विसरलेला डबा घेऊन सायकलनं रेंजवर आले. आयुष्यात पहिल्यांदाच. भुवया कोंड्यानं पिवळ्या, खांद्यावर दुपट्टा. सरांनी त्यांना रेषेच्या मागे उभं केलं, आवाज अडवणारं झाकण कानाला लावायला दिलं. त्यांनी ते उलटं लावलं, सरांनी सुलटं केलं.

सरांनी पाठ करून काडतुसं भरली.

पहिली गेली. दुसरी गेली. मी तिसरीसाठी श्वास धरला. नळीच्या टोकाच्या माशीवर, नेम धरायच्या त्या खुंटीवर, काळा गोल बसला होता, तळ्यावर बदक बसावं तसा. मागे माझे बाबा उभे आहेत, हे पाठीला कळत होतं. मला वाटलं, ते नळीकडे पाहत नसतील, कागदाकडेही नाही. जे बाहेर पडेल त्याची वाट पाहत असतील. मी बोट मागे घेत गेले, सावकाश, सावकाश.

खट्.

माशी जागची हलली नव्हती. काळा गोल तसाच बसला होता. भोंगा वाजत होता, बांधीत कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं, आणि मी, माझा हात, ते पोलाद, सगळं तसंच्या तसं उभं होतं. मी अर्धं मिनिट मोजलं. नकली काडतुसासाठी ते मोजायची गरज नव्हती.

मागून सरांचा आवाज आला नाही. बाबांचा आला, कान झाकलेला माणूस बोलतो तसा मोठ्यानं.

"नाई हालली."